भिंतीपलीकडची दुरुस्ती

ब्वालिरा, मसाका
४ जून

लेओकाडिया,

तुझे वडील जिवंत आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू बसायला खुर्ची शोधशील. खुर्ची नको. मरण-बिरण काही नाही. लॅपटॉप बिघडलाय.

सात वर्षांनी आईला तोंड फुटलं ते लॅपटॉपसाठी, असं म्हणशील. म्हण. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला एकमेकींच्या अंगावर जातो आणि चौथ्याला कोणीतरी एक बंद करते. कागद मधेच बंद करता येत नाही. फाडता येतो, पण तोवर वाचून झालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला ते चर्चमधल्या फादरनी तुला कळवलं होतं, हे मला ठाऊक आहे. वाचा गेली ती गेलीच. उजवा हात लाकूड झाला. डावा इतका कापतो की पेन दिलं तर कागद फाटतो. मग शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी म्हणे एक जुना लॅपटॉप पाठवला, बटणांवर मोठ्ठी पांढरी अक्षरं रंगवलेला. डाव्या हाताचं एक बोट, एका वेळी एक अक्षर. मी शेजारी बसून वाचते. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मास्तरांच्या घरात म्हातारी झाली आणि आता तिचा वर्ग भरला. ‘मीठ.’ ‘पाय आखडला.’ ‘शेळी कोबीत शिरली.’ मोबाइलवर जमत नाही. बोट काचेवर घसरतं आणि भलत्याच माणसाला फोन लागतो.

गेल्या गुरुवारी स्क्रीन काळी पडली. आपोआप. दिवा लागतो, आतला पंखा घुरघुरतो, बटणं वाजतात, पण काचेवर काळोख. मी पुसून पाहिली. उन्हात ठेवून पाहिली. चार्जर काढून घातला. शेजारची पेर्पेतुआ म्हणाली, “पवित्र पाणी शिंपड.” मी म्हटलं, “आधी तुझ्या टीव्हीवर शिंपडून दाखव.”

मास्तर मात्र टाइप करतच आहेत. काळ्या काचेवर टकटक, टकटक, मग माझ्याकडे बघतात, वाचलंस का म्हणून. मी काय वाचू? काल त्यांनी जेवण अर्धं ठेवलं. आज ताटाला हातच लावला नाही. बोलता येत नाही म्हणून माणूस दोन वर्षांत मेला नाही, आता ऐकणारं कोणी नाही म्हणून मरायचा.

तू तिकडे उत्तरेला, अजुमानीला निर्वासितांच्या दवाखान्यात नर्स आहेस, तिथे कंप्युटर असतात असं ऐकते. काय करायचं ते लिहून पाठव. पत्र बसच्या कंडक्टरबरोबर देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती दे. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझी आई
तेओपिस्ता

१३ जून

लेओकाडिया,

तुझा कागद मिळाला. ना ‘प्रिय’, ना ‘तुझी’. तुमच्या दवाखान्यातली औषधाची चिठ्ठी बरी, तिच्यावर निदान ‘जेवणानंतर’ असं तरी लिहिलेलं असतं. बाकी काही लिहू नकोस असं मीच लिहिलं होतं, कबूल. पण माझं सांगितलेलं ऐकायची सवय तुला कधीपासून लागली?

असो. सांगितलंस ते सगळं केलं. चार्जर काढून ते चालू-बंदचं बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं. बाविसावर पेर्पेतुआ दारात येऊन “काय चाललंय?” म्हणाली, म्हणून पुन्हा एकपासून. काही झालं नाही. उजेड कमी-जास्त करायचं बटण सापडलं, तेही दाबून पाहिलं. काही नाही.

मग टॉर्च. खिडक्या लावून घेतल्या, काचेवर तिरका उजेड मारला, आणि अक्षरं होती गं! विहिरीच्या तळाशी पडलेले खडे दिसावेत तशी, पण होती. मी नाक काचेला लावलं आणि एक ओळ लावून लावून वाचली. काय लिहिलं होतं सांगू? ‘तेओपिस्ता, तुझं डोकं उजेडात येतंय.’ दहा दिवस मुका राहिलेला माणूस पहिलं बोलला ते हे. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. टॉर्चचा उजेड फार प्रखर आहे.

पण टॉर्चने असं किती वाचणार? एका ओळीला अर्धी दुपार जाते, आणि ते चिडून पुढे निघून जातात.

तू म्हणालीस टीव्हीला जोडून बघ. टीव्ही पेर्पेतुआकडे. दोन माणसांनी मास्तरांना खुर्चीसकट उचलून तिच्या बैठकीत नेलं. तिच्या डिशच्या डब्याची तार काढून लॅपटॉपला लावली. चर्चच्या गाण्याच्या सगळ्या बायका जमलेल्या. टीव्ही लागला, आणि मास्तरांनी टकटक केलं तसं भिंतीएवढ्या अक्षरांत उमटायला लागलं. पेर्पेतुआ मोठ्या तोऱ्यात वाचायला उभी राहिली.

“‘या घरातल्या’,” ती म्हणाली. “बघा, माझ्या घराबद्दल लिहितात! ‘या घरातल्या चहात... दूध...’”

आणि थांबली. पुढे ‘नसतं’ असं होतं, ते सगळ्यांनी आपापलं वाचलं.

“मास्तर! तीस वर्षं माझा चहा पिताय तुम्ही!”

मास्तरांनी आणखी एक शब्द लिहिला. ‘म्हणूनच.’

बायका हसून हसून जमिनीवर. पेर्पेतुआने डिशची तार परत मागितली. तर यंत्र धड आहे, डोकं धड आहे, फक्त त्याचं स्वतःचं तोंड काळं पडलंय. रोज खुर्ची उचलून न्यायला माणसं नाहीत, आणि पेर्पेतुआही आता बोलावत नाही.

तू शेवटी लिहिलंस की मसाक्याच्या टॅक्सीतळामागच्या गल्लीत निळ्या दाराची टपरी आहे, तिथे दाखव, ‘तिथला माणूस बरा आहे.’ नाव लिहिलं नाहीस. सोमवारी जाते.

आई

२१ जून

लेओकाडिया,

तुला लाज नाही.

लॅपटॉप नेसलेल्या गोमेसीच्या कमरपट्ट्यात बांधून, मांडीवर घेऊन, बोडावाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी अर्धा तास धूळ खात गेले. निळं दार सापडलं. आत चाळिशीचा एक माणूस डोळ्याला भिंग लावून वाकलेला. मी म्हटलं, “काय रे, स्क्रीन बघतोस का?” त्याने मान वर केली, माझा चेहरा पाहिला, आणि साप दिसल्यासारखा टेबलाखाली गेला. हातातला स्क्रूड्रायव्हर माझ्या पायाशी आला. टेबलाखालून सरपटत तो प्लायवुडच्या आडोशामागे गेला आणि तिथून बोलला.

“आई, वस्तू टेबलावर ठेवा आणि पाठ करून बसा.”

“का? तुझ्या तोंडाला काय झालंय? देवी आल्यात?”

“काही झालेलं नाही. तुम्ही माझं तोंड बघू नये, आणि मी तुमचं.”

तेव्हा मला उमगलं. बाईचं तोंड बघून असा पळणारा पुरुष जगात एकच असतो, तिच्या मुलीचा नवरा. सासूने जावयासमोर बसायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, राहिलं तर ओबुको लागतो आणि म्हातारपणी हात-मान कापायला लागतात, हे मी तुला तू केळीच्या पानावर रांगत होतीस तेव्हापासून शिकवलं. त्या परमुलखातल्या, अरुआकडच्या माणसाला कोणी शिकवलं? तूच शिकवलंस. तुझा तो अद्रिको.

मी ओरडले. “बाहेर ये! मी तुझी सासू नाही. मुलगी मी दिलेली नाही. मागणीचा क्वंजुला झालेला नाही. तुझी वडीलधारी माणसं माझ्या अंगणात चटईवर बसून मागणी घालून गेलेली नाहीत. माझ्या लेखी तू टपरीवाला. टपरीवाल्याला काय सासू असते?”

“नसते, आई.”

“मग बाहेर ये.”

“नाही येणार, आई.”

“आणि आई कोणाची रे? मी तिघांना जन्म दिला, त्यात तू नव्हतास.”

“मी असतो तर तुमच्या मुलीशी लग्नच करता आलं नसतं.”

शेजारची मोबाइलची कव्हरं विकणारी बाई स्टूल घेऊन दारात येऊन बसली. “चालू दे, बाई,” मला म्हणाली. “आज गिऱ्हाईक नाही, मला वेळच वेळ आहे.”

मी पाठ फिरवली. रागाने फिरवली, हे लक्षात ठेव. नियम म्हणून नाही.

आडोशामागून एक हात आला आणि लॅपटॉप घेऊन गेला. बोटं लांब, नखं स्वच्छ. तो आतून विचारत होता, मी गल्लीकडे तोंड करून उत्तरं देत होते.

“टॉर्च मारला की अक्षरं दिसतात?”

“दिसतात.”

“झाकण एखाद्या कोनात धरलं की स्क्रीन लुकलुकते?”

“पहिल्या दिवशी लुकलुकली होती. नंतर नाही.”

“मग स्क्रीन चांगली आहे. बिजागरीतून एक केबल वर जाते, ती चिरडलीय. आई, हे झाकण कोणी जोरात आपटतं का?”

“वारा आपटतो.”

“लॅपटॉपचं झाकण? वारा?”

“आमच्याकडे वारा जोराचा आहे.”

त्याने झाकण अलगद मिटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, केबल कंपालाहून मागवावी लागेल, लॅपटॉप इथे ठेवून जा. मी म्हटलं, “मास्तरांची जीभ तुझ्या टपरीत ठेवून जाऊ?” हिसकावून घेतला आणि निघाले. निघताना भिंतीकडे नजर गेली. तिथे खिळ्याला एक जुना कीबोर्ड टांगलेला, आणि त्याच्यावर पांढरी अक्षरं. त्याच ब्रशची, तीच मोठ्ठी अक्षरं, प्रत्येकाला शेपटी. जुने विद्यार्थी म्हणे!

घरी येऊन मी मास्तरांसमोर उभी राहिले. “हा त्याने दिला? दिला असेल तर एकदा टेबल वाजवा.”

एकदा.

“तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?”

एकदा.

“आणि मला सांगितलं नाहीत?”

लॅपटॉपच्या झाकणाकडे बघत बसले.

इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही दोघं तिकडे उत्तरेला. तू तिकडे नोकरीवर आणि तो माझ्या नाकासमोर, अर्ध्या तासावर, हे मला टपरीच्या टेबलाखालून कळलं. शाबास.

आता ते टाइपही करत नाहीत. हात मांडीवर ठेवून बसतात. उकडलेलं मटोके केळं कुस्करून भरवलं तर तीन घास, चौथ्याला तोंड मिटतात. जबरदस्तीने भरवायला मी आहे, पण जबरदस्तीने बोलायला कसं लावायचं ते तुझ्या चिठ्ठीत नाही.

आई

२ जुलै

लेओकाडिया,

हे पत्र बसून वाच. आता खुर्ची शोधलीस तर चालेल.

मी त्याला बोलावलं नाही. बोडावाल्याबरोबर निरोप धाडला, टपरीवाल्याला सांग केबल आली असेल तर घरी येऊन बसवून जा, मास्तरांना हलवता येत नाही. टपरीवाला म्हणाले मी, दुसरं काही नाही.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. केळीच्या बागेच्या टोकाला, घराकडे पाठ करून उभा राहिला. मी दारात स्टुलावर.

“ये आत,” मी म्हटलं.

“तुम्ही कुठे आहात, आई?”

“दारात. घर माझं आहे, आणखी कुठे असणार?”

“मग मी इथे बरा आहे.”

“केळीखाली उभा राहून केबल बसवणार?”

“तुम्ही घरात असेपर्यंत मला येता यायचं नाही.”

“किती वेळा सांगू, तू माझा कोणी नाहीस. परका माणूस येतो, काम करतो, जातो. मी बसून बघते.”

“मग परक्याला बोलवा, आई. मसाक्यात दहा जण आहेत.”

पेच बघ कसा. मी घरात बसून राहिले तर तो परका, आणि परका म्हणून तो उंबरा ओलांडायचा नाही. मी उठून गेले तर तो आत येईल, पण मी का उठले ते सगळ्या ब्वालिराला कळेल. पेर्पेतुआ कपडे वाळत घालायच्या निमित्ताने कुंपणाशी उभी होतीच. एकच ओढणी तिने चारदा झटकली.

मी किती वेळ बसून राहिले असते कोण जाणे. पण आतून टेबल वाजलं. एकदा नाही. वाजतच राहिलं. कापऱ्या हाताने, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. नऊ दिवस मांडीवरून न उचललेला हात.

मी स्टूल उचललं, भुईमुगाच्या शेंगांची टोपली काखेत घेतली, आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. एवढंच केलं.

पेर्पेतुआ कुंपणावरून ओरडली, “तेओपिस्ता, आत कशाला गेलीस गं?”

“शेंगा सोलायला.”

“जावई आला वाटतं!”

मी उत्तर दिलं नाही. तिला मी उत्तर दिलं नाही असं आजवर झालेलं नाही, त्यामुळे तिला कळायचं ते कळलं.

स्वयंपाकघराला छप्पर वेगळं, पण त्याची आणि बैठकीची भिंत एकच आहे, वर धूर जायला भोकं, तुला माहीत आहे. सगळं ऐकू येतं. स्क्रू बशीत पडल्याचे आवाज मी मोजले, अकरा. तो सारखा बोलत होता, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तसा नव्हे, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा. “आता चौकट काढतो, मास्तर. नखाने निघते, घाई केली की तुटते. ही बघा, केबलची सालं निघालीत. झाकण फार जोरात मिटलं की बिजागरी असं चावते.” मग जरा थांबून, “वारा जोराचा आहे म्हणे तुमच्याकडे.” आणि तुझ्या वडिलांच्या घशातून तो आवाज आला, हसण्याचा. झटक्यानंतर तो मी दोनदाच ऐकलाय.

वारा नव्हता. ते तुझं नाव टाइप करायचे. ‘लेओकाडियाला पत्र लिही.’ आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. तिसऱ्या अक्षराला मला कळायचं कुठला शब्द येतोय, आणि मी झाकण आपटायचे. दीड वर्ष आपटलं. केबल माझ्यापेक्षा सोशीक होती.

“आली!” तो म्हणाला. “डोळ्यांवर येतंय का? थोडी मंद करू?” मग बराच वेळ नुसती टकटक. मास्तर लिहीत होते. त्यांचं लिहिलेलं आपण मोठ्याने वाचतो, तसं त्यानेही वाचलं.

“‘तुझ्या वडीलधाऱ्यांनी माझ्याकडे कधी पत्र का पाठवलं नाही?’”

स्क्रूड्रायव्हर बशीत ठेवल्याचा आवाज आला.

पाठवलं होतं, लेओकाडिया. त्याचा काका अरुआहून दोन दिवस बसने आला होता, बंद पाकीट घेऊन, कोट घालून. मास्तर शाळेत होते. मी अंगण झाडत होते, हातात खराटा होता तो तसाच होता. पाकीट मी उघडलंसुद्धा नाही. म्हटलं, जिथल्या भाषेत मला घोटभर पाणी मागता येत नाही तिथे माझी मुलगी जाणार नाही, आणि मास्तरांचाही हाच निरोप समजा. त्या म्हाताऱ्याला मी बसायलाही सांगितलं नाही. संध्याकाळी तुला सांगितलं की वडिलांनी नकार दिला. तू त्यांना विचारायलाही थांबली नाहीस, सकाळी पेटी घेऊन गेलीस. तो स्वभाव माझा. आणि त्यांना मी सांगितलं की मुलगी अशा माणसाबरोबर गेली ज्याच्या घरच्यांना आपल्या दारात यायचं सुचलं नाही.

सात वर्षं तू ज्यांच्यावर रुसलीस त्यांना त्या पाकिटाचा रंगही ठाऊक नाही. पांढरा होता.

आता भिंतीपलीकडे अद्रिको गप्प. काकाने त्याला खराट्यासकट सगळं सांगितलेलं असणार. मी भिंतीला कान लावून आहे हेही त्याला ठाऊक, शेंगा फुटल्याचा आवाज मगाशीच थांबला होता. त्याने फक्त खरं बोलायचं होतं. मी वाट बघत होते.

“चूक आमची, मास्तर,” तो म्हणाला. “काका आळशी माणूस. निघतो निघतो म्हणत राहून गेलं.”

दोन दिवस बसमधून आलेल्या म्हाताऱ्याला त्याने आळशी ठरवलं. माझ्यासाठी.

ओबुको डोळ्यांचा असतो, जिभेचा नाही. भिंतीआडून बोलायला कोणाची मनाई नाही. माझ्या जिभेला तू काय काय नावं ठेवलीस ती मला आठवतात. त्या वेळी ती कुठे गेली होती विचारू नकोस. टोपलीतल्या शेंगा संपल्या आणि मी टरफलंच सोलत बसले होते, हे नंतर पाहिलं.

तो गेला. केळीतून ओरडून सांगितलं, “घर मोकळं आहे, आई.” मी आत गेले. स्क्रीन लखलखीत, तिच्यावर त्या प्रश्नाच्या खाली मास्तरांनी काहीच लिहिलं नव्हतं. बहुतेक त्यांना पटलं होतं. मी गप्प राहिले असते तर खपलं असतं, सगळ्यांचंच. पण मग त्या काकाचं काय?

मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. पाकीट, खराटा, दोघांना मारलेल्या दोन थापा.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने लॅपटॉप ढकलत ढकलत फिरवला आणि स्क्रीन भिंतीकडे केली. मला वर्गाबाहेर काढलं. आज चौथा दिवस. जेवतात मात्र चांगलं.

तुला काय लिहायचं असेल ते लिही. शिव्या असल्या तर मोठ्या अक्षरात लिही, डोळे थकलेत.

आई

९ जुलै

लेओकाडिया,

तू काही लिहिलं नाहीस. मीही लिहिलं नसतं. तरी हे वाच.

आठवडाभर पेर्पेतुआ येऊन त्यांचं वाचून दाखवायची. “मीठ म्हणतात.” “उशी म्हणतात.” मला ऐकवायला मोठ्याने. स्वतःच्या घरातली खबर शेजारणीकडून घेणं किती गोड लागतं ते तुला कळायला अजून वेळ आहे.

काल त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ‘वही आण.’ आणली. ‘लिही.’ त्यांनी त्याच्या काकाला पत्र तयार केलं होतं, मी माझ्या हाताने उतरवून काढायचं. पहिली ओळ अशी, की सात वर्षांपूर्वी तुम्ही आणलेलं पत्र आमच्या दारातून परत गेलं. मी म्हटलं, “पोचलं नाही असं लिहूया.” त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, “मी आजारी होते असं?” पुन्हा मान. मग टकटक करून एक शब्द लिहिला. ‘खराटा.’

“खराटा कशाला पत्रात?”

पुन्हा तोच शब्द, दुसऱ्यांदा.

लिहिला. माझ्या हातात खराटा होता, मी तुम्हाला बसायला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला विचारलं नाही. तीन ओळींना मला सकाळ लागली. पुढे त्यांनी त्यांचं घातलं, घर तेच आहे, चटई अंथरलेली आहे, या. खाली त्यांचा अंगठा आणि माझी सही. आज सकाळी अरुआच्या बसने गेलं. वाईट शब्द एकही नाही, चांगला शब्दही एकच आहे, तो त्यांचा.

त्या लोकांनी यायचं म्हटलं तर शनिवार, २३ ऑगस्ट. वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, अंगण तेवढंच आहे. माझ्यासाठी गोमेसी आणणार असतील तर गडद निळी. पिवळी आणली तर तुझ्या सासूलाच परत नेसवीन. काकांना पुढे बसवायचं, सगळ्यात आधी, पाठीला टेकायला खुर्ची द्यायची. ती खुर्ची मी स्वतः पुसून ठेवेन. तुझ्या मुलीला, माझ्या नातीला, आण. अद्रिकोने सांगितलेलं तिचं नाव मास्तरांनी मला तीनदा लिहून दाखवलं, तरी माझ्या तोंडात नीट बसत नाही. ती माझ्यावर हसली तर हसू दे.

लॅपटॉप उत्तम चालतो. दुपारभर ते तुला काहीतरी लिहीत असतात. मला बघू देत नाहीत. मी बघत नाही, उठून शेळीचं बघते.

यायचं नसेल तर तसं लिही. मी पेर्पेतुआला सांगेन की बस चुकली.

आलीस तर एक लक्षात ठेव. त्या दिवशी मी बाहेर दिसणार नाही. स्वयंपाकघरात असेन, दार लोटून, तुझा नवरा अंगणातून जाईपर्यंत. पाहुण्यांतलं कोणी ना कोणी विचारेलच, नवरीची आई कुठे आहे, आजारी आहे का, रुसली आहे का. तेव्हा तू सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. जावई आलाय, म्हणून आत बसली आहे.

तुझी आई
तेओपिस्ता